एक इंचही जुना रंग नको

आमच्या सिडकोतल्या सोसायटीत नव्यानं राहायला आलेल्या एका बाईंनी मला जिन्यात गाठलं आणि विचारलं, "तुम्ही रिटायर झालात म्हणे, मग रोज सकाळी पिशवी घेऊन कुठं जाता?" मी म्हटलं, "फाइली लावायला." त्यांचा समज झाला की मी कुठल्या तरी वकिलाकडे कामाला आहे. दुसऱ्या दिवशी त्या भावाबहिणींच्या वाटणीचे कागद घेऊन दारात उभ्या. मी त्यांना चहा पाजला आणि ओळखीच्या एका वकिलाचं नाव सांगितलं. पण माझं काम नेमकं काय, हे काही मला त्यांना समजावता आलं नाही. आज इथं लिहून बघते, जमतंय का.

तीस वर्षं मी एका खासगी आयटीआयच्या कार्यालयात काढली. लागले तेव्हा टंकलेखक होते, निवृत्त झाले तेव्हा अधीक्षक. मधली वर्षं बरीचशी एकासारखी एक होती, त्यामुळे ती सांगत बसत नाही. आयटीआय म्हणजे दहावीनंतर फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन व्हायला मुलं जिथं येतात ती शाळा. आमच्या भागातली अशी मुलं पुढं वाळूजच्या नाहीतर शेंद्र्याच्या कंपन्यांत लागतात. सरकार संस्थेला एकेका ट्रेडची परवानगी देतं, वीस-वीस मुलांच्या तुकडीची. ही परवानगी भाड्याच्या घरासारखी असते. एकदा मिळाली म्हणून आपली झाली असं नाही. दरवर्षी दाखवावं लागतं की शिकवणारा माणूस खरा आहे, त्याचं प्रमाणपत्र खरं आहे, कर्मशाळा, म्हणजे वर्कशॉप, ठरल्या मापाची आहे, मुलं हजर असतात आणि यादीतली मशीनं जागेवर आहेत. पूर्वी हे कागदावर चालायचं. आता सगळं पोर्टलवर भरायचं, फोटोसकट, आणि फोटोवर ठिकाण आणि वेळ आपोआप उमटते. काही कमी पडलं की वरून 'त्रुटी' निघते. आमच्या धंद्यात त्रुटी हा शब्द ऐकला की प्राचार्यांना जेवण गोड लागत नाही.

मोठ्या संस्थांकडे या कामासाठी माणसं असतात. लहान संस्थांकडे मी असते. पिशोरपासून फर्दापूरपर्यंत आणि गंगापूरपासून वैजापूरपर्यंत कुणाचा वार्षिक अहवाल अडला की फोन येतो, "मॅडम, येऊन जा." मी पिशवीत पंच, टॅग, भिंग आणि दुपारचा डबा टाकते आणि निघते.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार भेटली. एका प्राचार्यांनी चार खोल्यांत चार अग्निशामक नळकांडी दाखवली होती. चारही फोटो मी शेजारी शेजारी ठेवले, तर चारही नळकांड्यांच्या मुठीला तोच एक लाल दोरा. मी विचारलं, "सर, हे स्वतः चालत गेलं की तुम्ही उचलून नेलं?" ते म्हणाले, "शिपायानं नेलं." प्रामाणिक माणूस. दुसऱ्या एका संस्थेत निदेशकांनी महिन्याभराची हजेरी एका बैठकीत भरून टाकली होती. निदेशक म्हणजे शिकवणारे सर. त्या हजेरीत पोळ्याच्या दिवशीही सगळी मुलं हजर. मी म्हटलं, "अहो, आपल्याकडे पोळ्याला एक वेळ बैल कर्मशाळेत येतील, पण पोरं येतील का?" त्यांनी मान खाली घालून नवं रजिस्टर आणलं. मी तेही परत केलं, कारण जुनं फाडून नवं करणं हा त्याहून मोठा गुन्हा. जे चुकलं ते चुकलं म्हणून लिहा, हे लोकांच्या गळी उतरवायला मला फार कष्ट पडतात.

आणि एक लेथ, म्हणजे लोखंड कातायचं मशीन, मला एकाच आठवड्यात दोन गावांत भेटला. एका संस्थेची तपासणी झाली की रात्रीतून टेम्पोत घालायचा आणि दुसरीकडे उतरवायचा. त्याच्या हँडलची मूठ तुटली होती आणि तिथं सायकलच्या मुठीचं रबर बसवलेलं होतं, त्यावरून मी ओळखला. असली हिंडती मशीनं थांबावीत म्हणूनच आता प्रत्येक मशीनवरच्या कंपनीच्या पाटीचा फोटो मागतात. पाटीवर त्या मशीनचा नंबर असतो. तो खरेदीच्या बिलावरच्या नंबराशी आणि डेडस्टॉक रजिस्टरमधल्या, म्हणजे संस्थेच्या मालकीच्या वस्तूंच्या वहीतल्या नंबराशी जुळला पाहिजे. जुळला तर मशीन तुमचं. नाही जुळला तर ते कुणाकडून तरी उसनं आणलंय, असं धरून चालतात. यात त्यांची काही चूक नाही.

आता मुद्द्यावर येते. मी लावलेल्या फाइलीत कधी खोट निघाली नाही, याचा मला भारी तोरा होता. "भालेराव मॅडमनी बघितलंय" असं म्हटलं की पुढचं कुणी बघत नाही, असं लोक म्हणायचे आणि मला ते ऐकायला आवडायचं. हा तोरा उतरला तो लासूर स्टेशनला.

तिथं कांद्याच्या आडतीमागं एक लहानशी आयटीआय आहे. चालवणारे आण्णा स्वतः आडतदार. गावात कारखाना नाही, निदान पोरांच्या हातात कसब तरी यावं, या हट्टानं त्यांनी ती काढलेली. बोलायला फटकळ, पण संस्थेवर जीव. प्राचार्य साळुंके वयानं तरुण आणि कायम धास्तावलेले. आणि फिटरच्या तुकडीचे निदेशक हमीद सर. ते लासूरचेच, संस्था निघाली त्या दिवसापासूनचे. प्रत्येक मशीन त्यांनी खोक्यातून काढून स्वतः बसवलेलं. खांद्यावर एक फडकं, मशीनजवळून जाता जाता त्यावरून हात फिरवायची सवय. नोकरीची दोन वर्षं उरली होती.

त्यांच्या तुकडीतली बरीचशी मुलं आसपासच्या धनगरवस्त्यांवरची. दोन मुलीही होत्या. सकाळी सायकलवर यायची, दुपारी घरी जाऊन मेंढरांकडं बघायची. शहरातली आयटीआय त्यांना जमणारी नव्हती. जायलाच निम्मा दिवस गेला असता आणि घरच्यांनी सोडलं नसतं. ही तुकडी बंद पडली तर ती मुलं दुसरीकडे कुठं जाणार नव्हती, घरीच बसणार होती.

दोन वर्षांपूर्वीच्या तपासणीत तिथं त्रुटी निघाली. कागदात काही नव्हतं, पण मशीनं गंजकट दिसतात, देखभाल नाही, असा शेरा पडला. खाली आणखी एक ओळ होती: पुढील वर्षी यंत्रसामग्रीबाबत पुन्हा त्रुटी आढळल्यास फिटर तुकडीचे प्रवेश थांबवले जातील. ते पत्र वाचून मी हमीद सरांना म्हटलं, "या खंडेनवमीला रंग मारताना हयगय करू नका. एक इंचही जुना रंग दिसता कामा नये." माझा आवाज अशा वेळी आपोआप शाळेतल्या बाईंसारखा होतो. ते "बरं मॅडम" म्हणाले आणि मी पुढच्या गावाला गेले.

खंडेनवमी म्हणजे दसऱ्याच्या आदला दिवस, हत्यारांच्या पूजेचा. कारागिरांचा खरा सण तोच. त्या दिवशी कर्मशाळेत एकही मशीन चालत नाही. आधी आठ दिवस मशीनं डिझेलनं धुतात, रंगवतात, मग हळद-कुंकू, झेंडूच्या माळा, नारळ. लासूरला ही सगळी तयारी हमीद सरांची. पूजेच्या वेळी ते दाराशी उभे राहतात. "आंघोळ माझी, पूजा तुमची," असं ते आण्णांना म्हणतात, आणि इतकी वर्षं तसंच चाललंय.

गेल्या वर्षी दसरा झाल्यावर मी लासूरला गेले. अहवालाची मुदत संपायला पाच दिवस होते. कर्मशाळेत पाय ठेवला आणि खरं सांगते, मन प्रसन्न झालं. अकराच्या अकरा मशीनं हिरवीगार, नवीकोरी. वाळलेल्या झेंडूच्या माळा अजून तशाच होत्या. मी तोंड भरून कौतुक केलं. हमीद सर खुलले. ओळखीच्या गॅरेजमधून त्यांनी फवारणीचं मशीन आणलं होतं आणि दोन हात मारले होते. म्हणाले, "एक इंच बी जुना रंग सोडला नाय, मॅडम. तुमी बोलल्या व्हत्या ना."

मी मोबाइल काढला आणि पहिल्या लेथच्या पाटीचा फोटो घ्यायला वाकले. पाटीच्या जागी गुळगुळीत हिरवा चौकोन होता. दुसऱ्या मशीनकडे गेले, तिथंही तेच. अकरा मशीनं, अकरा हिरवे चौकोन. माझ्यामागून चालणारे साळुंके सर स्टुलावर बसले.

दरवर्षी हमीद सर ब्रशनं रंग देत आणि पाटी तेवढी सोडून देत. या खेपेला का नाही सोडली, असं मी विचारलं. ते म्हणाले, "मी म्हटलं, मॅडम बोलल्या म्हंजी नवा नियम आला आसंल." आणि यात हसण्यासारखं काही नाही. आमच्या या क्षेत्रात दर वर्षाला नवा नियम येतो. कधी फळ्याचा रंग बदलतो, कधी बोर्डाची उंची. का, ते कुणी सांगत नाही, आणि विचारणाऱ्याला उत्तर मिळत नाही. शेवटी माणसं विचारायचंच सोडून देतात. तीस वर्षं बारकाईनं काम केलेल्या माणसाला आपण काहीतरी उलटं करतोय हे कळत होतं, पण माझ्या शब्दावर त्यांनी ते केलं.

साळुंके सरांनी फोन केला आणि आण्णा आडतीवरून तडक आले. मशीनं बघून आधी खूश झाले, मग प्रकार कळला. त्यांचा आवाज चढला. वीस पोरांचं वर्ष, संस्थेचं नाव, सगळं एका रंगापायी घालवलंत म्हणाले. मग थेट विचारलं, "हे कुणाच्या डोक्यातून आलं?"

माझ्यापुढं डेडस्टॉक रजिस्टर उघडं होतं. हमीद सरांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. जमिनीकडं बघत म्हणाले, "माझीच गलती हाय, आण्णा."

मी रजिस्टरचं पान उलटलं. एवढंच केलं. तोंडातून शब्द काढला नाही. आजही ते आठवलं की मला माझी लाज वाटते. पंचक्रोशीत माझं जे नाव झालं होतं, ते त्या एका वाक्यानं जाणार होतं, आणि ते मला सोडवेना. आण्णा हमीद सरांना म्हणाले, "आता तुम्ही काही बोलू नका. मॅडम सांगतील तेवढं करा." आणि मी खरंच सांगायला लागले, जणू माझा काही संबंधच नाही.

थिनर आणला. कापसाचा बोळा भिजवून पाटीवर धरायचा, रंग फुगला की एकाच दिशेनं पुसायचा. हे काम हमीद सरांनी एकट्यानं केलं, न बोलता. दहा पाट्या ठोकून नंबर उमटवलेल्या होत्या, त्या स्वच्छ वर आल्या. अकरावं मशीन उभं ड्रिल. त्याची पाटी छापील होती. थिनरनं रंग गेला आणि त्याच्याबरोबर छपाईही गेली. खाली कोरा, चकचकीत पत्रा. हमीद सरांनी बोळा बाजूला ठेवला आणि त्या पत्र्याकडं बघत राहिले.

बिलावर ड्रिलचा नंबर होता, रजिस्टरात होता, मशीनवर मात्र नव्हता. नंबर नाही म्हणजे ड्रिल उसनं. ड्रिल उसनं म्हणजे यंत्रसामग्रीत त्रुटी. आणि त्रुटी म्हणजे काय, ते आधीच्या वर्षीच्या पत्रात लिहिलेलंच होतं.

आण्णांनी लगेच तोड काढली. शहरात पाट्या करून देणारे पुष्कळ आहेत, तोच नंबर घालून नवी पाटी करू, लावून टाकू. मी म्हटलं, "खोटी पाटी लागणार असेल तर मी उठते." मी काही संत नाही. पण एक खोटी पाटी लावली की पुढच्या वर्षी तिच्यासाठी खोटा कागद लागतो, आणि तो करायला पुन्हा मलाच बोलावतात. आण्णा म्हणाले, मग दुसरा मार्ग सांगा. दुसरा मार्ग म्हणजे स्पष्टीकरणाचं पत्र: नंबर का दिसत नाही आणि त्याला जबाबदार कोण. आण्णांनी मजकूरही सांगून टाकला. निदेशकाच्या निष्काळजीपणामुळे असं झालं, संस्था त्याच्यावर कारवाई करत आहे. तुकडी वाचवायची तर कारवाई दाखवावी लागेल. म्हणजे हमीद सरांना घरी बसवावं लागेल. हे बोलताना आण्णांनाही बरं वाटत नव्हतं, त्यांचा आवाज खाली आला होता.

हमीद सर म्हणाले, "सही करतो. तुकडी वाचू द्या."

पत्र टाइप करायला साळुंके सर उठले. मी म्हटलं, आज राहू द्या, उद्या सकाळी करू, मला भाषा बघायची आहे. भाषेचं काही नव्हतं. मला तिथून पळायचं होतं. परतीच्या गाडीत मी न खाल्लेला डबा उघडला आणि तसाच मिटला. समोरच्या बाकावर कांद्याच्या बाजारातून परतणारी दोन माणसं भावावरून वाद घालत होती. मी खिडकीकडं तोंड करून बसले होते आणि मनात सारखं येत होतं की त्या माणसानं एकदाही माझ्याकडं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मी बोलले असते, असं मी स्वतःला समजावत होते. ते खरं नव्हतं. मला वाचवायलाच तर त्यांनी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं गेले. प्राचार्यांच्या खोलीत तिघंही होते. पत्र टाइप होऊन टेबलावर आलेलं, खाली सहीची जागा रिकामी. मी बसलेसुद्धा नाही. म्हटलं, "आण्णा, रंग मी मारायला सांगितला होता. एक इंचही जुना रंग दिसू नये, हे शब्द माझे. हमीद सरांनी ऐकलं एवढंच."

आण्णांनी विचारलं, "काल का बोलला नाहीत?"

"लाज वाटली."

मला वाटलं, आता ते मला दारापर्यंत घालवायला येणार. पण आडतीवर बसणारा माणूस तो, वजनात चूक झाली की पुन्हा काटा लावायचा हे त्यांच्या अंगात मुरलेलं. त्यांनी टेबलावरचं पत्र उचललं, मधोमध फाडलं आणि चहा सांगितला. साळुंके सरांनी इतका मोठा श्वास सोडला की मला हसू आलं.

चहा यायच्या आत हमीद सर स्वतःहून बोलले. "मॅडम, ड्रिलचा एक नंबर आत बी हाय. मोटरवर. पट्ट्याचं कव्हर काढलं की दिसतोय."

आण्णा म्हणाले, "मग काल का नाही सांगितलं?"

"काल तुमीच तर बोलू नका म्हणले."

आण्णा जे हसायला लागले ते थांबेनात. मला मात्र हसू येईना. काल तीन तास आम्ही त्या मशीनवर खल केला होता. कागद, पाटी, पत्र, पोर्टल, सगळं बोलून झालं. ज्यानं ते मशीन खोक्यातून काढलं, बसवलं, दहा वेळा उघडून दुरुस्त केलं, त्याला एका शब्दानं विचारलं नाही. मी तर कागदाची बाई, मला वाटतं जे कागदावर नाही ते नाहीच.

कर्मशाळेत गेलो. हमीद सरांनी पान्यानं चार बोल्ट सोडले, कव्हर उतरवलं. आत रंग पोहोचला नव्हता. काळ्या मोटरवर धूळ आणि ग्रीस. खांद्यावरचं फडकं काढून त्यांनी एक कोपरा पुसला. ठोकून उमटवलेले आकडे वर आले. मी बिल काढलं. विकणाऱ्यानं बारकाईनं लिहिलं होतं, मशीनचा नंबर वेगळा, मोटरचा नंबर वेगळा. ते एकेक आकडा वाचत गेले आणि मी बिलावर बोट ठेवत गेले. शेवटचा आकडा जुळला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी ते लपवलं नाही. हमीद सर म्हणाले, "रंगाचा वास लई लागतोय डोळ्याला," आणि खिडकी उघडली.

मोटरच्या नंबराचा फोटो पोर्टलवर चढवला. पण पाटी कोरी होतीच, त्यामुळे स्पष्टीकरण द्यावंच लागणार होतं. ते मी हातानं लिहिलं. पाट्यांवर रंग कसा गेला, कुणाच्या सूचनेवरून गेला, माझं पूर्ण नाव आणि मी संस्थेची कुणी नाही, बाहेरून मदतीला येते, हेही. साळुंके सर घाबरले. बाहेरच्या माणसाचं नाव अहवालात कसं घालायचं, असं कुठं असतं का, म्हणाले. मी म्हटलं, रंग बाहेरच्या माणसाच्या तोंडून आला, तर नाव आतल्या माणसाचं कसं घालणार?

दिवाळीनंतर तपासणीला एक तरुण अधिकारी बाई आल्या. मी मुद्दाम गेले होते. त्यांनी पत्र दोनदा वाचलं आणि विचारलं, "भालेराव कोण?" मी उभी राहिले. त्यांनी आवाज न चढवता विचारलं, "बाहेरच्या व्यक्तीनं सांगितलं म्हणून संस्थेनं अकरा मशीनं रंगवली? कुणी काही विचारलं नाही?"

मी म्हटलं, "विचारायची सवय गेलीय, मॅडम. तुमच्याकडून आलं काय आणि माझ्याकडून आलं काय, लोक करून मोकळे होतात."

त्यांनी हमीद सरांना कव्हर काढायला लावलं, वाकून स्वतः आकडे वाचले, बिलाशी ताडून पाहिले. हाताला ग्रीस लागलं, तर हमीद सरांनी फडक्याचा स्वच्छ भाग पुढं केला. जाताना त्यांनी ड्रिल चालवून दाखवायला सांगितलं. एका मुलीनं लोखंडाच्या पट्टीला भोक पाडून दाखवलं. बाईंनी ती पट्टी उजेडात धरून पाहिली आणि पर्समध्ये टाकली.

महिन्याभरानं पत्र आलं. फिटर तुकडीचे प्रवेश सुरू ठेवण्यास हरकत नाही. साळुंके सरांनी ते मला दाखवलं तेव्हा शेवटच्या ओळीवर अंगठा ठेवला होता. मी अंगठा बाजूला करायला लावला. तिथं लिहिलं होतं, श्रीमती भालेराव यांच्या चुकीच्या तोंडी सूचनेमुळे पाट्या रंगल्या, यापुढे संस्थेनं बाहेरील व्यक्तीच्या सूचना लेखी घ्याव्यात. तीस-पस्तीस वर्षांत माझ्या हातून किती सरकारी कागद गेले असतील, मोजदाद नाही. सगळ्यांवर सही दुसऱ्याची आणि नाव दुसऱ्याचं. माझं नाव छापून आलेला हा पहिलाच. मी त्याची झेरॉक्स मागून घेतली. घरी यजमानांना दाखवली तर ते म्हणाले, "चौकट करून लावूया का?" मी ती कपाटात ठेवली आहे, चांगल्या साड्यांच्या घडीत.

माझी कामं काही कमी झाली नाहीत. उलट लासूरची हकीकत सगळीकडे पोहोचली आणि लोक थोडे मोकळेपणानं बोलू लागले. आता मी सूचना लिहूनच देते, खाली तारीख आणि सही करून.

यंदा खंडेनवमीच्या आठ दिवस आधी लासूरला गेले होते. हमीद सरांचं नोकरीचं हे शेवटचं वर्ष. नवी वीस मुलं वायसमध्ये लोखंड आवळून त्यावर कानशी घासत होती, सगळ्यांचा आवाज मिळून बोलायलाही ओरडावं लागत होतं. मी फिरून पाहिलं आणि कागदावर दोन-तीन गोष्टी लिहून दिल्या. त्यात एक होती, हत्यारांच्या कपाटाची लोखंडी दारं काढून काचेची लावावीत. हमीद सरांनी चष्मा लावला, कागद सावकाश वाचला आणि त्या ओळीवर बोट ठेवलं.

"का बरं, मॅडम?"

मी तोंड उघडलं. दुसऱ्या तीन संस्थांत काचेची दारं पाहिली होती, म्हणून लिहिलं होतं. नियमात तसं काही आहे का, मला आठवेना. कानस उडून लागली तर काच फुटेल, पोरांच्या हातात घुसेल, हेही मला तेव्हाच सुचलं. हमीद सर उत्तराची वाट बघत उभे होते, अगदी शांतपणे.

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

त्यांनी खिशातलं पेन काढून माझ्या हातात दिलं. मी ती ओळ खोडली आणि खाली सही केली.